ओर्व्हिएतो (इटली): अर्धा दिवस पुरेल की रात्र काढावी?

केशरभात
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात इटलीला चाललोय, मी, नवरा, लेक (वय ११) आणि सासूसासरे. रोममध्ये चार रात्री, फ्लॉरेन्समध्ये तीन आणि मध्ये एक दिवस मोकळा ठेवलाय तो डोंगरावरचं एखादं जुनं गाव बघायला. नवरा म्हणतो सान जिमिन्यानो, ते उंच दगडी मनोऱ्यांचं, पण तिथे रेल्वे जात नाही, पोज्जीबोन्सीला उतरून बस धरायची. पाच माणसं आणि चार बॅगा घेऊन हे मला जमेल, आईंना (सासूबाई) नाही, त्यांचे गुडघे बोलतात. ऑफिसातल्या एकीने ओर्व्हिएतो सुचवलं. कोणी गेलंय का? अर्ध्या दिवसात उरकतं का? सामानाचं काय करायचं? आणि दोघं ज्येष्ठ शुद्ध शाकाहारी आहेत, अंडंसुद्धा नाही, तर त्यांच्या पोटाचं काय?
बाबांना इतिहासाची आवड आहे, त्यांनी ऑलरेडी वही केलीये.

मिलानोकर
ओर्व्हिएतो. डोळे झाकून.
रोम ते फ्लॉरेन्सच्या जुन्या लाईनवरच आहे त्यामुळे वाकडी वाट पडत नाही. रोमहून रिजनल गाडीने सव्वा-दीड तास. तासाला तीनशेने पळणाऱ्या त्या लाल गाड्या इथे थांबत नाहीत, तेव्हा तिकीट काढताना रिजनल बघून काढा. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारूनच चढायचं, नाहीतर टीसी दंड लावतो आणि "आम्ही टुरिस्ट, आम्हाला माहीत नव्हतं" हे त्याने हजार वेळा ऐकलेलं असतं.
स्टेशनच्या बाहेर पडलात की समोर रस्त्यापलीकडे फ्युनिक्युलर, म्हणजे दोरावर ओढला जाणारा रेल्वेचा डबा. काही मिनिटांत वर. वरच्या स्टेशनापासून छोटी बस थेट दुओमोच्या (गावचं मोठं चर्च) चौकात सोडते. आईंना एक पायरी चढायला नको. १८८८ साली ही सुरू झाली तेव्हा पाण्यावर चालायची, वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचे, तो जड होऊन खाली यायचा आणि दोराच्या दुसऱ्या टोकाचा डबा वर जायचा. १९७० ला बंद पडली, १९९० ला विजेवर परत चालू केली.
रात्र काढा. का ते नंतर लिहितो, मीटिंग आहे.

तिरकस
डोंगर चढायचा, वर तटबंदी बघायची, दोन फोटो, झुणका-भाकर, दही, खाली. हे सिंहगडावर थोडक्या पैशांत होतं हो. विमानाच्या तिकिटाएवढ्या पैशात माझ्या अख्ख्या सोसायटीला नेऊन आणतो.

केशरभात
@तिरकस नेऊन आणाच, मी पण येते. पण बाबांनी सिंहगड पन्नास वेळा केलाय आता त्यांना पोपचा गड बघायचाय :)
@मिलानोकर थँक्यू थँक्यू. मीटिंग संपली की या.

उनाड_बोका
गाडी भाड्याने घेऊन जाणार असाल तर माझी चूक करू नका. इंटरनॅशनल परमिट आरटीओतून काढून नेलेलं, सगळं व्यवस्थित, पण टस्कनीतल्या एका गावात जीपीएसने जुन्या वेशीतून आत घातलं आणि आम्ही मजेत आत. तिथे झेडटीएल म्हणजे रहिवाशांच्याच गाड्यांना परवानगी असलेला भाग असतो, वेशीवर कॅमेरा. तेव्हा कोणी अडवत नाही, शिट्टी नाही की काही नाही. पाच महिन्यांनी ठाण्याच्या पत्त्यावर इटालियन भाषेतला लिफाफा, आणि एकाच दिवसात दोनदा आत-बाहेर केल्यामुळे दोन दंड. वर गाडीवाल्या कंपनीने पत्ता कळवल्याची फी वेगळी कापली होती ती तर स्टेटमेंट नीट वाचल्यावर कळली.
ओर्व्हिएतोला गाडी खाली काम्पो देल्ला फिएरा नावाच्या पार्किंगमध्ये लावायची, तिथून सरकते जिने आणि लिफ्ट कड्याच्या पोटातून वर गावात नेतात. हे मात्र भारी आहे.

सातारी_कंदी
केशरभात, तुमच्या सासऱ्यांसाठी लिहितो. वहीत पहिल्या पानावर हे लिहायला सांगा: पोत्सो दी सान पात्रित्सिओ, सेंट पॅट्रिकची विहीर. फ्युनिक्युलरमधून उतरलं की तिथेच जवळ आहे, पण नव्वद टक्के लोक समोर उभी असलेली बस पकडून सरळ दुओमोला पळतात.
गोष्ट अशी. १५२७ साली सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटलं. पगार थकलेले सैनिक, त्यांनी काय केलं असेल ते सांगायला नको. पोप सातवा क्लेमेंट रोममधल्या कास्तेल सान्तांजेलो किल्ल्यात कोंडला गेला आणि डिसेंबरात वेश बदलून निसटला तो थेट ओर्व्हिएतोला. का? कारण हा गड घेणं अवघड. चारी बाजूंनी सरळ तुटलेला कडा, देवगिरीचा तासलेला कातळ आठवा, फक्त इथे तो निसर्गानेच दिलाय आणि वर अख्खं शहर बसलंय. पण वेढा पडला तर पाणी कुठनं आणायचं? आपल्याकडे आज्ञापत्रात सांगितलंय ना, आधी पाणी बघा मग गड बांधा. पोपला हे शहाणपण गडावर पोचल्यावर सुचलं.
मग आंतोनिओ दा सांगाल्लो (धाकटा) या स्थपतीला काम दिलं. ५३ मीटर खोल, १३ मीटर रुंद गोल विहीर, आणि भिंतीच्या आतून दोन वेगळे गोल जिने, एकमेकांत गुंफलेले पण कुठेही न भेटणारे. एकाने खेचर रिकामी घागर घेऊन उतरणार, तळाला छोट्या पुलावरून पलीकडे जाणार आणि दुसऱ्या जिन्याने भरलेली घागर घेऊन वर. उतरणारं आणि चढणारं खेचर समोरासमोर येण्याचा प्रश्नच नाही. प्रत्येक जिन्याला २४८ पायऱ्या, आणि उजेडासाठी विहिरीच्या बाजूने ७० खिडक्या.
काम संपलं १५३७ ला. क्लेमेंट १५३४ लाच वारला. एक घोट नाही प्यायला बिचारा.

तिरकस
बारव म्हणा की सरळ.

सातारी_कंदी
नाही. बारवेत माणूस पाण्यापर्यंत उतरतो, बसतो, बायका बोलतात, देवळी असते, देव असतो. ही नुसती पाणी उपसायची यंत्रणा आहे. तुलना करायचीच तर आमच्या लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीशी करा, शाहू महाराजांच्या काळातली. एका वेळी बारा मोटा चालतील एवढी थोरली. तिथे बैल वर आणि पाणी त्यांच्याकडे येतं. इथे जनावर खाली पाण्याकडे जातं. दोन्हीकडच्या लोकांनी एकच हिशोब उलट्या बाजूंनी मांडलाय, मला तरी ह्यात फार मजा वाटते.
आणि लिंबच्या विहिरीत राजाला बसायला वर महाल आहे. पोपला ते सुचलं नाही :)

इंजिनदादा
मस्त चाललाय धागा. माझी भर दगडावर. हा डोंगर म्हणजे तुफा. आपला सह्याद्री लाव्हाचा, बेसॉल्ट, तासायला जीव जातो. तुफा म्हणजे ज्वालामुखीची राख साचून घट्ट झालेली, बोल्सेना तळ्याच्या आजूबाजूला जे ज्वालामुखी होते त्यांची. कुदळीने खणता येते. कोकणातल्यांना चिऱ्याच्या खाणी माहीत आहेत, जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होत जातो, तसाच खणायला सोपा प्रकार, दगड अर्थात वेगळा.
त्यामुळे झालं काय की अडीच हजार वर्षं ज्याला जे हवं ते त्याने घराखाली खणलं. गावाखाली १२०० च्या आसपास गुहा मोजल्यात. विहिरी, दारूची तळघरं, तेलाचे घाणे, आणि सिमेंटसारखी वापरायची राखमाती (पोत्सोलाना) काढायच्या खाणी. वरचं गाव उभंय ते जाळीवर. शिवाय तुफाच्या खाली चिकणमाती, ती पावसाने सरकते आणि वरच्या कड्याचे तुकडे पडतात. ते इतकं वाढलं की १९७८ ला इटलीच्या संसदेला ओर्व्हिएतोचा खडक आणि तोदीची टेकडी वाचवायला खास कायदा करावा लागला. मग कड्याला पोलादी सळया ठोकल्या, सांडपाणी नीट वळवलं. गुहांची शिस्तीत मोजदादही साधारण त्याच सुमाराची.
गुहांची गाइडेड टूर असते, तिकीट दुओमोसमोरच्या ऑफिसात, तासाभराची, इंग्रजीतली वेळ विचारून घ्या. एक-दोन ठिकाणी बोळ फारच अरुंद आहे, आईंना आधी सांगून ठेवा.

केशरभात
अडीच हजार वर्षं?? म्हणजे रोमनांच्या आधीपासून?

इंजिनदादा
हो, एट्रुस्कन. त्यांचं हे मोठं शहर, वेल्झ्ना. रोमने इ.स.पू. २६४ ला घेतलं, उद्ध्वस्त केलं आणि उरलेल्या लोकांना उचलून बोल्सेना तळ्याकाठी नेऊन वसवलं. ओर्व्हिएतो हे नाव ऊर्ब्स वेतुसवरून, म्हणजे शब्दशः "जुनं शहर". आपल्याकडे जुन्नरचं नाव जीर्णनगरवरून आलं म्हणतात ना, तसं.
एट्रुस्कनांच्या विहिरी टूरमध्ये दिसतात. अरुंद, चौकोनी, खाली काळोख आणि दोन समोरासमोरच्या भिंतींना पाय ठेवायला खोबण्या. एक पाय इकडे एक पाय तिकडे टाकत उतरायचं. ती बघितल्यावर पोपची विहीर म्हणजे मॉलचा रॅम्प वाटते.

मिलानोकर
मीटिंग संपली (काल). कबुतरांचं राहिलं की. गुहांच्या भिंतींना चौकोनी कोनाडे दिसतील, शेकड्याने, एकावर एक रांगा. ती कबुतरांची घरं. कड्याच्या बाजूला खिडकी. कबुतरं सकाळी उडून खाली दरीतल्या शेतात चरणार, संध्याकाळी मुक्कामाला घरी. वेढा पडला तरी यांचा दाणापाणी शत्रूच्या शेतातून! मालकाने फक्त हात घालून काढायचं आणि शिजवायचं. आजही तिथल्या हॉटेलांत पालोंबा म्हणून रानकबूतर मिळतं, तर मेनूवर तो शब्द दिसला की ज्येष्ठांना पुढच्या ओळीवर न्या.
बाकी खाण्याचं. उंब्रिकेल्ली म्हणजे तिथल्या जाड शेवया, बिनअंड्याच्या, पीठ आणि पाणी. काळ्या ट्रफलमध्ये किंवा साध्या टोमॅटो-लसणात. ट्रफल ही अळंबीच्या जातीची, जमिनीखाली येणारी, वास उग्र, ज्येष्ठांना झेपेल याची खात्री नाही. घोळ चीजमध्ये आहे, पेकोरिनो आणि पार्मेजान दोन्ही वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या रसाने विरजतात. कडक शाकाहारी असाल तर "सेन्सा फोर्माज्जो" म्हणा. आणि नुसतं "सेन्सा कार्ने" म्हणून थांबू नका कारण बऱ्याच जणांच्या लेखी हॅम म्हणजे मांस नव्हेच, ते मिठासारखं चवीला! लुमाकेल्ला नावाचा गोगलगायीसारखा वळलेला पाव बेकऱ्यांत दिसेल, फार गोड दिसतो, आत हॅमचे तुकडे असतात.
साध्या पावात मीठ नसतं. लोक सांगतात की १५४० मध्ये पोपने मिठावर कर वाढवला म्हणून पेरुजियाने बंड केलं तेव्हापासून उंब्रियाचा (ओर्व्हिएतो ह्याच प्रांतात) पाव अळणी. बंड खरं आहे, त्याला मिठाचं युद्धच म्हणतात. पावाची गोष्ट खरी असेल नसेल. सोबत लिंबाचं लोणचं न्या.

उनाड_बोका
लिंबाचं लोणचं +१००

वसईची_सुकेळी
विहीर झाली, कबुतरं झाली, पण दुओमोबद्दल अजून कोणी बोललं नाही?! मी फक्त त्यासाठी गेले होते. आमच्याकडे ख्रिस्तशरीराचा सण (कॉर्पस क्रिस्ती) लहानपणापासून बघत आले, मिरवणूक, फुलं, आजीची नवी साडी, आणि तो सण सगळ्या चर्चला लागू करण्याचं फर्मान १२६४ साली पोप चौथ्या अर्बनने ओर्व्हिएतोहूनच काढलं हे मला लग्नानंतर कळलं. परंपरा अशी की १२६३ मध्ये बोल्सेनाला एका शंकेखोर धर्मगुरूच्या हातात मिस्सा चालू असताना भाकरीतून रक्त आलं आणि ते वेदीवरच्या कापडावर पडलं. ते कापड दुओमोच्या एका चॅपलमध्ये ठेवलंय. सणाला ते गावभर मिरवतात, माणसं मध्ययुगीन पोशाखात. दुओमोचं काम सुरू झालं १२९० ला.
दर्शनी भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा सकाळी जाऊन "हं, छान" म्हणून परत येऊ नका. ऊन कलल्यावर जा. मोझाईकच्या सोन्यावर ऊन आलं की भिंत आतनं पेटल्यासारखी दिसते, मी खरंच बसून राहिले दगडी कट्ट्यावर. आणि बाजूच्या भिंती मात्र काळ्यापांढऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या. माझा मुलगा म्हणाला झेब्रा.
आत उजवीकडे सान ब्रित्सिओचं चॅपल, तिथे सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ मध्ये जगाचा शेवट रंगवलाय. मेलेली माणसं जमिनीतून बाहेर येतायत, काही नुसते सांगाडे, काही अर्धे बाहेर, हात टेकवून वर चढतायत. ख्रिस्तविरोधक भाषण देतोय आणि मागून सैतान त्याच्या कानात सांगतोय काय बोलायचं. कोपऱ्यात काळ्या कपड्यांत सिन्योरेल्ली स्वतः उभा. लेक अकराचा आहे ना, त्याला हे सगळ्यात जास्त आवडेल बघ.

केशरभात
लेक अकराची आहे :) पण हो, तिलाच आवडेल. घाबरवणारं काहीही आवडतं तिला.
मग रात्र काढायची असं दिसतंय. चिविता दी बान्योरेज्जोचं पण ऐकलं, ते जवळच आहे ना? एका रात्रीत दोन्ही?

उनाड_बोका
करा करा, चिविता म्हणजे स्वप्न. दरीच्या मध्ये एक सुळका आणि त्यावर गाव. मिस करू नका.

मिलानोकर
मी उलट सांगेन. ओर्व्हिएतोहून बसने पाऊणेक तास बान्योरेज्जो, तिथून गाव पार करून पुलापर्यंत चालत, मग सुमारे तीनशे मीटरचा पादचारी पूल, १९६५ चा, शेवटचा टप्पा चांगलाच चढाचा. गुडघ्यांची वाट. रविवारी बस नसते. २०१३ पासून गावात शिरायला तिकीट लावलंय, दीड युरोपासून सुरू झालं ते आता पाचवर. कायमची राहणारी माणसं डझनभर. माती खचत खचत गाव कमी होत चाललंय, त्याला "मरणारं गाव" म्हणूनच जाहिरात करतात, आणि त्याच जाहिरातीवर ते जगतंय. मला तिथे आजारी माणसाला बघायला रांग लावल्यासारखं वाटलं. सुंदर आहे, नाही म्हणत नाही, पण फोटो काढून परत. ओर्व्हिएतोत लोक राहतात, गुरुवारी-शनिवारी पियात्सा देल पोपोलोत भाजीबाजार भरतो, म्हाताऱ्या भांडतात. तुम्ही गाव बघायला चाललाय ना?

उनाड_बोका
आजारी माणूस वगैरे जरा जास्तच. मला आवडलं म्हणजे आवडलं.

तिरकस
एक ते चारचा जोक कोणी करायच्या आत सांगतो. हो, तिथेही दुकानं दुपारी बंद असतात. झालं, पुढे चला.

केशरभात
धागा वर काढतेय. आलो परत! उशिरा लिहितेय कारण दिवाळी आणि मग लेकीची परीक्षा. ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्या सगळ्यांचे आभार, बाबांनी अख्खा धागा प्रिंट काढून वहीला चिकटवलेला होता त्यामुळे तुमची सगळ्यांची टोपणनावं त्यांना पाठ आहेत, "तो सातारचा काय म्हणाला होता बघू" असं भर रस्त्यात चालू असायचं.

चिविताला गेलो नाही. सामान हॉटेलात टाकलं (वरच्या स्टेशनपासून दहा मिनिटांवर घेतलं होतं, बॅगांची चाकं त्या फरसबंदीवर जे काही बोलली ते न लिहिलेलं बरं) आणि पहिली विहीर. तिकिटाच्या खिडकीपाशीच आई म्हणाल्या मी वर बसते तुम्ही या. आईंचं माहेर कऱ्हाडकडचं, घरची मोटेची विहीर होती, त्यामुळे विहीर काय बघायची असा एकूण सूर. मग त्यांनी दारातून आत डोकावलं आणि म्हणाल्या ह्या पायऱ्या कुठायत, ही तर उतरण आहे. आणि खरंच तसं आहे, खेचरांसाठी केल्यामुळे पायऱ्या रुंद आणि अगदी बुटक्या, आपल्या बिल्डिंगच्या जिन्यासारखा गुडघ्याला झटका बसत नाही. तरी मी म्हणलं सावकाश, दहा-पंधरा खिडक्यांपर्यंत जाऊ आणि तिथनं मागे फिरू.

बाबा आणि लेक पुढे तळाला गेले. पुलावरून पलीकडे जाऊन दुसऱ्या जिन्याने वर यायला लागले. आम्ही दोघी एका खिडकीत बसलो होतो (खिडकी चांगली ऐसपैस आहे, गार, ओलसर, खालून कोणाकोणाचे आवाज घुमत वर येत होते) आणि समोरच्या खिडकीत बाबा! मध्ये फक्त विहीर. तेरा मीटर. आईंनी जोरात हाक मारली, अहो, इकडून या, इकडे बसलोय आम्ही! बाबा म्हणाले येता येत नाही, जिना वेगळाय. आई म्हणाल्या म्हणजे काय, समोर तर दिसताय. बाबा तिथे उभं राहून, टोपी सरळ करून, धाग्यातलं सगळं सांगायला लागले, सांगाल्लो, खेचरं, १५२७, आणि ते एवढं घुमत होतं की एक शब्द कळेना, आणि खालून वर येणारे चार जर्मन त्यांच्या मागे अडकून उभे. लेक हसून हसून खाली बसली. मग ते पुढे सरकले आणि पुढच्या खिडकीत दिसले, हात केला, मग त्याच्या पुढच्या, दर वेळी थोडे वर. आई बघत होत्या. मग म्हणाल्या, खेचरांचं बरं होतं, मागं वळायला लागत नव्हतं. आमच्याकडं बैलाला मोट भरून आली की पाठीनं मागं यायला लागायचं, त्यातच निम्मा जीव जायचा त्याचा.

सातारी_कंदी, हे तुमच्या हिशोबात घाला.

वर आल्यावर अजून गंमत. आम्ही आत गेलो त्याच दाराने परत आलो (उलट दिशेने चढताना समोरून येणाऱ्या लोकांना सॉरी सॉरी म्हणत, कारण असं परत फिरायचं नसतं बहुधा) आणि बाबा बाहेर पडले विहिरीच्या दुसऱ्या अंगाच्या दारातून. दहा मिनिटं ते आम्हाला शोधतायत आम्ही त्यांना. नवरा बागेत कॉफी पीत बसला होता त्याला दोन्ही पार्ट्या दिसत होत्या, त्याने सांगितलं नाही. त्याच्याशी मी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

गुहांची टूर केली, आई नाही आल्या. ते खोबणीवाले एट्रुस्कन आड बघून माझ्याच पोटात गोळा आला. तेलाचा घाणा आहे आत, त्याचं मोठं जातं तसंच पडलंय. कबुतरांचे कोनाडे पाहून लेकीने विचारलं की कबुतरांना कळत नव्हतं का रोज एक कमी होतंय ते. गाइडबाई नुसत्या हसल्या.

दुओमो संध्याकाळी. सुकेळीताई, तुम्ही म्हणालात तसंच. मी वेगळं काही लिहीत नाही. फक्त एक, खालच्या दगडी भिंतीवर (मायतानी ह्या शिल्पकाराची ना?) आदमची बरगडी काढतायत ते कोरलंय, आदम इतका गाढ झोपलाय की आई म्हणाल्या ह्याला भूल दिलेली दिसते. आईंनी आयुष्यभर जिल्हा रुग्णालयात नर्सची नोकरी केलीये, तेव्हा त्यांचं मत ग्राह्य.

आणि रात्रीचं. मिलानोकर, तुम्ही "का ते नंतर लिहितो" म्हणालात आणि लिहिलंच नाहीत, पण कळलं. सहाच्या सुमारास बसवाले ग्रुप खाली उतरले आणि गाव एकदम मोकळं. मग गावातलीच माणसं बाहेर, कोर्सो काव्हूरवरून इकडून तिकडे नुसती चालतायत, पोरं ढकलगाडीत, म्हातारे हात मागे बांधून, दर चार पावलांवर थांबून गप्पा. संध्याकाळी गावातल्या मुख्य रस्त्यावर फेरी मारणं आपल्याकडे पण होतं की, आमच्या मिरजेत स्टेशन रोडला व्हायचं. मनोऱ्याची घंटा दर पंधरा मिनिटांनी वाजते, रात्रीसुद्धा. हलकी झोप असणाऱ्यांनी कानात कापूस न्यावा.

जेवण: उंब्रिकेल्ली टोमॅटोतल्या, चीज वगळून, दोन्ही ज्येष्ठांनी ताट चाटूनपुसून. अळणी पाव आणि लिंबाचं लोणचं हे कॉम्बिनेशन वेटरने चाखून पाहिलं, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, तरी दुसऱ्यांदा घेतलं.

सातारी_कंदी
वा!! बैलाला मागं यायला लागायचं, हे मी लिहायला हवं होतं आणि सुटलं. बारा मोटांचे चोवीस बैल उलटे चालतायत हे डोळ्यांसमोर आणा. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

इंजिनदादा
भन्नाट वृत्तांत. दुओमोच्या जवळच एका मनोऱ्यावर काशाचा माणूस हातोड्याने घंटा मारतो तो पाहिलात का? मॉरित्सिओ. चौदाव्या शतकातला, दुओमोच्या कामावरच्या मजुरांना वेळ कळावी म्हणून बसवलेला. म्हणजे थोडक्यात हजेरी लावणारा मुकादम.

केशरभात
अय्या हो! तो घंटा मारतो हे माहीतच नव्हतं, आम्हाला वाटलं पुतळा आहे नुसता. बाबांना सांगते, वहीत एक पान रिकामं आहे.

वसईची_सुकेळी
भूल दिलेली :D :D दुओमोतल्या कोणा गाइडने हे सांगितलं नव्हतं मला.

तिरकस
बरं. चीज नको, अंडं नको, तरी पोट भरलं म्हणताय. हॉटेलचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बायकोने हा धागा वाचलाय.